वजन कमी, मजा जास्त

गाडी घ्यायची म्हटली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला. ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ दुसरा, ‘रीसेल कशी आहे?’ आणि तिसरा प्रश्न सासरेबुवांचा, ‘मागे तिघं नीट बसतात ना?’

आता अशी गाडी डोळ्यांसमोर आणा, जिला मागची सीटच नाही. एसी नाही, म्युझिक सिस्टीम नाही, धड दरवाजे नाहीत. काहींना तर रिव्हर्स गिअरही नाही. पाऊस आला की भिजायचं. आणि किंमत? सेकंडहँड घेतली तरी रुपयांत वीस लाखांच्या पुढे!

गेले चार महिने मी अशीच गाडी शोधतोय. सासरेबुवांना अजून सांगितलेलं नाही.

पुण्याहून बर्मिंगहॅमला आलो, तेव्हा इथल्या ऑफिसातली मंडळी वीकएंडला काय करतात हे कळायला वेळ लागला. कोणी मासे पकडतं, कोणी बाग करतं, आणि माझ्या टीममधले दोघं शनिवारी पहाटे हेल्मेट घेऊन गायब होतात. एकदा त्यांच्याबरोबर गेलो आणि किडा चावला. आपल्या लायसन्सवर इथे एक वर्षच चालवता येतं, मग नव्याने टेस्ट द्यावी लागते. ती मी निमूटपणे दिलीच होती. म्हटलं, आता तिचा काहीतरी उपयोग करू.

बजेट वीस हजार पौंड. हे पैसे आभाळातून पडलेले नाहीत. बाणेरच्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी दोघांनी मिळून जे साठवलंय, त्यातला हा निम्मा हिस्सा. व्हिसाची तीन वर्षं उरलीत. म्हणजे गाडी तीन वर्षांनी विकता आली पाहिजे, नाहीतर बाल्कनीतून डोंगर बघायचं स्वप्न गेलंच समजा. बायकोने दोन अटी घातल्या. एक, गाडी शोपीस होता कामा नये, वर्षातून किमान दहा दिवस पळाली पाहिजे. आणि दोन, ‘तू मजा करणार आणि मी कडेला थर्मास धरून उभी राहणार, असं चालायचं नाही. मी पण चालवणार.’

दुसऱ्या अटीकडे नीट लक्ष द्या. सगळा खेळ तिथेच फिरलाय.

दोन खेळ, दोन स्वभाव

ट्रॅक डे म्हणजे रेस नव्हे. डॉनिंग्टन पार्क, मॅलरी पार्क, औल्टन पार्क अशा रेसट्रॅकवर फी भरायची आणि आपली गाडी दिवसभर मनसोक्त पळवायची. कोणी नंबर काढत नाही. पुढच्याने वाट दिल्याशिवाय ओव्हरटेक करायचं नाही, तेही ठरलेल्या बाजूनेच. पंधरा-वीस मिनिटं पळवा, गाडी थंड करा, चहा घ्या, पुन्हा जा. संध्याकाळपर्यंत सहज दोन तास चालवून होतं.

हिलक्लाइम्ब म्हणजे बंद खासगी रस्त्यावर एकट्याने टेकडी चढायची, घड्याळाविरुद्ध. सगळ्यात जुनी जागा आमच्यापासून तासाभरावर आहे, वूस्टरशरमधलं शेल्स्ली वॉल्श. १९०५ पासून त्याच रस्त्यावर स्पर्धा चालते. लांबी १००० यार्ड, म्हणजे ९१४ मीटर, आणि तेवढ्यात रस्ता साधारण १०० मीटर वर चढतो. विक्रम करणारे तेवीस सेकंदांच्या आत वर पोचतात. साध्या रोडवरच्या स्पोर्ट्‌स कारला तीसेक-चाळीस सेकंद लागतात. ग्लॉस्टरशरचं प्रेस्कॉट १९३८ पासून चालू आहे आणि बुगाटी ओनर्स क्लबच्या मालकीचं आहे. यॉर्कशरच्या हेअरवुडला तर रस्ता चक्क एका शेतातल्या वाड्यापाशी संपतो.

दिवसाचा हिशेब बघा. साधारणपणे दोन प्रॅक्टिस रन, दोन टाइम्ड रन. चार गुणिले चाळीस सेकंद. म्हणजे अख्ख्या दिवसात अडीच-पावणेतीन मिनिटं! बाकी वेळ गप्पा, सँडविच आणि आकाशाकडे बघणं. तुम्ही म्हणाल, हा काय वेडेपणा? पण स्टार्टलाइनवर मागच्या चाकाला ठोकळा लावलेला असतो, समोर हिरवा दिवा लागतो, आणि चुकलं तर सुधारायला दुसरा लॅप नसतो. ते चाळीस सेकंद आठवडाभर डोक्यातून जात नाहीत.

वजनाचा फंडा

दोन्ही खेळांत चालणारं एकच चलन आहे, हलकेपणा. लोटसचे कॉलिन चॅपमन आयुष्यभर हेच सांगत आले. ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर पळते, वजन कमी केलं तर ती सगळीकडे पळते. वळणात टायरला कमी ओझं, ब्रेकला कमी उष्णता, खिशाला कमी भोक. त्यांच्या लोटसने फॉर्म्युला वनची कन्स्ट्रक्टर्स चॅम्पियनशिप सात वेळा जिंकली, त्यामुळे माणूस अगदीच हवेत बोलत नव्हता.

आकडाच हवा असेल तर घ्या. २०२१ साली आलेल्या कॅटरहॅम सेव्हन १७० मध्ये सुझुकीचं ६६० सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन आहे. ताकद फक्त ८४ हॉर्सपॉवर. आपल्या स्विफ्टची ताकद साधारण एवढीच. पण स्विफ्ट तिच्या दुप्पट वजनाची आहे. ही बया ४४० किलोची. इतकी हलकी, की दोन धट्टीकट्टी माणसं आत बसली तर वजन एक तृतीयांशाने वाढतं! म्हणजे महागडं एक्झॉस्ट घेण्याआधी वडापाव कमी करणं स्वस्त पडतं. (हे वाक्य बायकोने अधोरेखित करून ठेवलंय.)

स्वयंवराला आलेले

पहिली उमेदवार अर्थातच सेव्हन. लोटसने १९५७ मध्ये आणलेली, १९७३ पासून कॅटरहॅमने चालू ठेवलेली. पाइपांची चौकट, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, इंजिन पुढे, चालकाचं बूड जवळजवळ मागच्या अ‍ॅक्सलवर. फायदा हा, की हिला नंबरप्लेट असते. घरून चालवत जा, दिवसभर पळवा, चालवत परत या. तोटा म्हणजे आकार विटेसारखा. वेग वाढला की हवा छातीवर हात ठेवून थांबवते.

दुसरी रॅडिकल. पीटरबरोची ही कंपनी १९९७ मध्ये सुरू झाली ती एका वेगळ्याच आयडियावर. मोटरसायकलचं इंजिन घ्यायचं, छोट्या रेसिंग कारच्या चौकटीत चालकाच्या मागे बसवायचं, आणि वरून ल मॉंच्या गाड्यांसारखी बॉडी आणि विंग चढवायची. त्यांच्या गाजलेल्या एसआर३ मध्ये सुझुकी हायाबुसाचं इंजिन आहे. आपल्याकडेही हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. २०२२ च्या इंडियन रेसिंग लीगमध्ये गोवा एसेस आणि इतर टीम्स इटलीच्या वुल्फ कंपनीच्या गाड्यांत धावल्या, त्यांतही एप्रिलिया मोटरसायकलचं इंजिन होतं. दिसायला म्हणाल तर रॅडिकलसमोर सेव्हन म्हणजे शाळेतली सायकल. माझ्या बजेटमध्ये जुनी क्लबस्पोर्ट किंवा प्रोस्पोर्ट बसते. पहिल्याच भेटीत मी पुरता घसरलो होतो.

तिसरा प्रकार सिंगलसीटर, म्हणजे जेडाय किंवा ओएमएस. टेकडीवर ह्या भन्नाट पळतात. पण चाकं उघडी असल्यामुळे नेहमीच्या बहुतेक ट्रॅक डेंना त्यांना प्रवेश नाही. अर्धं वर्ष गाडी ताडपत्रीखाली. पहिल्या अटीतच बाद.

मग गाडी का अडली?

उरल्या दोन. इथे ऑफिसमध्ये दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणतो, ‘रॅडिकल घे, बाकी सगळं टाइमपास.’ दुसरा म्हणतो, ‘सेव्हन घे, शांत झोपशील.’ मी दोघांचं ऐकलं आणि दोन्ही गाड्यांना एकच प्रश्न विचारला. दोन तासांच्या दिवसाला तू कशी, आणि अडीच मिनिटांच्या दिवसाला कशी?

ट्रॅकवर रॅडिकलला तोड नाही. वेग वाढेल तशी विंग गाडीला रस्त्यावर दाबत जाते. वेग दुप्पट तर दाब चौपट. म्हणून लांब, वेगवान वळणांत ती चिकटून जाते. पण मोटरसायकलचं इंजिन मोटरसायकलसाठी बनलेलं असतं. बाइक वळणात झुकते, त्यामुळे इंजिनातलं ऑइल जागेवर राहतं. गाडी झुकत नाही. लांब वळणात ऑइल एका बाजूला पळतं, पंप हवा ओढतो, आणि इंजिन काही सेकंदांत कामातून जाऊ शकतं. त्यावर उपाय आहेत. ऑइल पॅनमध्ये आडोसे घालतात किंवा ड्राय संप लावतात. पण जुनी गाडी घेताना ते काम झालंय का आणि कोणी केलंय, हे बिलासकट बघावंच लागतं. वर आवाजाची भानगड. बऱ्याच ट्रॅकवर उभ्या गाडीला १०५ डेसिबलची मर्यादा असते, काही ठिकाणी आणखी कमी. गेटवरच मीटर लावतात. आवाज जास्त झाला की फी भरूनही घरी.

टेकडीवर गंमत उलटते. वळणं हळू आणि अरुंद, त्यामुळे विंगला काम कमी. टायर गरम व्हायच्या आत रन संपतो. वर उभ्या चढावर सुटताना इंजिनाला खालच्या आरपीएमला जोर लागतो, आणि बाइकचं इंजिन तिथेच कमी पडतं. बाइक आणि तिच्या चालकासाठी बनलेल्या क्लचला अख्खी गाडी ओढायची असते. एका दिवशी चार स्टार्ट म्हणजे त्याची परीक्षाच. सेव्हनमधलं साधं फोर्ड इंजिन कुरकुर न करता हे काम करतं, आणि त्याचे पार्ट्‌स मिळायला तारेवरची कसरत लागत नाही.

शिवाय रॅडिकल येते ती एकटी येत नाही. ट्रेलर आला, ट्रेलर ओढायला मोठी गाडी आली, दोन्ही ठेवायला जागा आली. आमच्या गल्लीत एक गाडी लावायला संध्याकाळी तीन चकरा माराव्या लागतात! नेहमीचा इन्शुरन्स ट्रॅकवर चालत नाही, त्याचं वेगळं कव्हर. हिलक्लाइम्बला लायसन्स, क्लबची मेंबरशिप, आग न लागणारा सूट, नियमात बसणारं हेल्मेट. हे सगळं धरून हिशेब केला, तर वीस हजारांतले किमान तीन-चार हजार बाजूला ठेवून मगच गाडी बघायला जावं, असं मी स्वतःपुरतं ठरवलं. उरलेल्या पैशांत जी बसेल ती खरी आपली.

आणि आता बायकोची अट. हिलक्लाइम्बमध्ये एक सुंदर सोय आहे. एकाच दिवशी एकाच गाडीत दोन स्पर्धक नाव देऊ शकतात. आधी एक वर जातो, गाडी खाली येते, मग दुसरा. इथे कितीतरी बाप-लेक आणि नवरा-बायको असे धावतात. गाडी एक, खर्च अर्धा, भांडण पूर्ण! त्यासाठी गाडी पटकन अदलाबदल करता येईल अशी हवी. सेव्हनमध्ये सीटला फोमचा तुकडा लावला की तिचे पाय पेडलला पोचतात. आम्ही करून पाहिलंय. ट्रॅक डेलाही शेजारची सीट आहे, म्हणजे एक चालवतो आणि दुसरा ओरडतो. घरच्यासारखंच.

पहिल्यांदा बसली तेव्हा ती दोन मिनिटं काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘या देशात पहिल्यांदा काहीतरी माझ्या मापाचं मिळालंय.’ नोकरी सोडून माझ्यामागे आलेल्या मुलीचं हे वाक्य ऐकल्यावर विंग, डाउनफोर्स वगैरे विषय तिथेच मिटला.

तर ठरलंय. १.६ लिटरच्या फोर्ड सिग्मा इंजिनची कॅटरहॅम, सेकंडहँड. अशा गाडीला तीन वर्षांनीही गिऱ्हाईक मिळतं, म्हणजे बाणेरचा डोंगरही अगदी हातचा गेलेला नाही. तुमच्यापैकी कोणी परदेशी असाल आणि हाच किडा चावला असेल, तर एवढं करा. इंजिन थंड असतानाच बघायला जा, मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर कारण विचारा. चौकटीच्या पाइपांना तडा किंवा गंज आहे का, सस्पेन्शनचे दांडे वाकलेत का, हे खाली वाकून बघा. रोल बार, पट्टे आणि बिलांची फाइल बघा. चकचकीत रंग सगळ्यात शेवटी.

आणि जे पुण्या-मुंबईत आहात, त्यांनी हे वाचून रविवारी ताम्हिणीत जाऊन घड्याळ लावू नका, प्लीज. इथे रस्ता बंद असतो, प्रत्येक वळणावर मार्शल उभा असतो आणि समोरून एसटी येत नाही. मजा वेगाची आहेच, पण ती त्या बंद रस्त्यामुळे आहे.

गाडी आली की रिपोर्ट देतोच. पहिला रन कोणाचा, यावर अजून घरात एकमत झालेलं नाही.