प्रश्न नेमका असावा

भूगोल म्हणजे नद्यांची नावे व पावसाचे आकडे पाठ करणे, असा समज रूढ आहे. माझ्या मते भूगोलाचा खरा अभ्यास नेमक्या प्रश्नापासून सुरू होतो.

सातारा जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. पश्चिमेस महाबळेश्वरी वर्षाला सुमारे 600 सेंटिमीटर पाऊस पडतो. पूर्वेकडील माण तालुक्यात तो 50 सेंटिमीटरांच्या आसपासच असतो. माणमधील एखाद्या गावी ‘येथे पाणी का नाही?’ असे विचारले, तर ‘पाऊस नाही म्हणून’ हे उत्तर तयारच असते. त्या उत्तराने शोध संपतो आणि उपायही खुंटतो.

त्याऐवजी असे विचारावे : ‘गावावर पाऊस सारखाच पडतो, मग एक विहीर फेब्रुवारीत आटते व दुसरी मेअखेर टिकते, ती का?’ या प्रश्नास स्थळ आहे, काळ आहे. त्यामुळे कामाची आखणी त्यातूनच होते. पाचसहा विहिरी निवडाव्या. वडील माणसांस बरोबर घेऊन दर आठवड्यास काठापासून पाण्यापर्यंतची खोली दोरीने मोजावी. रोजचा उपसा, मुरमाच्या थराची जाडी, जवळचा ओढा वा बांध यांची नोंद नकाशावर करावी. आपला तर्क आरंभीच लिहून ठेवावा. मोजमापांनी तो खोटा ठरविला, तर निमूटपणे सोडून द्यावा.

पाऊस पाडणे आपल्या हाती नाही. पडलेले पाणी अडविणे व जपून उपसणे मात्र आहे. त्या कामाची दिशा नेमक्या प्रश्नावाचून सापडत नाही.