आधी गेलेल्याला विचारा

झरी जामणीसारख्या तालुक्यात बी.एस्सी. झालेल्या मुलीने परदेशात शिकायचे म्हटले, की अब्बा आधी शेताचा सातबारा काढतात, नाहीतर एजंट गाठतात. त्याआधी एक बिनखर्चाचे काम करावे. त्या वाटेने गेलेला माजी विद्यार्थी शोधावा.

तो सांगेल, की अमेरिकेत विज्ञानातील पीएच.डी.ला बहुधा फी माफ असते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचे विद्यावेतन मिळते. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, पण आधी एपीएस प्रमाणपत्र लागते. हे वेळेत कळले, तर शेत वाचते.

राजू केंद्रे यांनी ‘एकलव्य’चे काम आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात सुरू केले. २०२१ मध्ये ते स्वतः चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला गेले. घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्यांना पुढे गेलेल्यांनी हात द्यावा, हाच त्या कामाचा गाभा.

अशांना लिहिताना चार ओळी पुरेत: नाव, विषय, गुण आणि एकच नेमका प्रश्न. नुसत्या “मदत करा”ला उत्तर काय देणार? “रसायनशास्त्रासाठी शिफारसपत्र कुणाचे घ्यावे?” असे विचारा.

आणि तिथे पोचलेल्या मुलामुलींनो, इल्म ही अमानत आहे. गावाहून आलेल्या अशा पत्राला उत्तर द्या.