जिन, हस्तर आणि टोपीवाला खलनायक

एका वाचक आपांनी कळवलं आहे की मासिक घरातल्या सगळ्यांचं, आणि तुम्ही लिहिता भुताखेतांच्या नि मारामारीच्या सिनेमांवर, हे काही बरं नाही. ज्या घरात सिनेमा पाहतच नाहीत त्यांनी हे पान खुशाल उलटावं, त्यांच्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण बाकीच्या घरांत इशाची नमाज झाली, जेवणं आटोपली की मुलं काय लावतात ते आपण सगळेच जाणतो. बाप बातम्या मागतो, आई मालिका मागते आणि शेवटी कोणीतरी भुताचा नाहीतर खुनाचा सिनेमा लावून मोकळं होतं. मग त्यावर बोलायला काय हरकत आहे?

गेल्या दोन-तीन महिन्यांत आम्ही असे बरेच पाहिले. काही पहिल्यांदा, काही पुन्हा.

'तुंबाड' पुन्हा पाहिला. हा 2018 साली आला तेव्हा फार लोकांनी थिएटरात जाऊन पाहिला नव्हता. 2024 च्या सप्टेंबरमध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून घेतलेलं आणि कल्पनेत नारायण धारपांच्या भयकथांचा अंश, म्हणजे सिनेमा हिंदीत असला तरी तो आपल्याच मातीतला आहे. पावसाने भिजलेला जुना वाडा, खाली विहिरीसारखं खोल पोट, त्यात हस्तर नावाचा शापित देव आणि त्याच्या कमरेला सोन्याची नाणी. विनायक पिठाची बाहुली घेऊन उतरतो, हस्तर बाहुलीवर तुटून पडतो, तेवढ्यात मूठभर नाणी ओढायची आणि दोर धरून वर यायचं. काही दिवसांत नाणी संपतात, की पुन्हा तुंबाडची वाट.

आमच्या मते सिनेमातला सगळ्यात भयानक भाग हस्तरचा नाहीच. विनायक आपल्या लहान मुलाला, पांडुरंगला, हे काम शिकवायला लागतो तो आहे. कसब शिकवावं तसं शिकवतो. कुठे पाय द्यायचा, कधी हात घालायचा, किती घ्यायचं. आणि मुलगा हुशार निघतो, बापापेक्षा मोठा हिशोब मांडतो. सोन्याची एक दरी मिळाली तर दुसरी मागणाऱ्या आदमच्या औलादीबद्दलची हदीस आपण मुलांना पाठ करून घेतो, पण ती अशी डोळ्यांसमोर चालताना क्वचित दिसते. पांडुरंगचं काम मोहम्मद समद या मुलाने केलं आहे, आणि रंगरंगोटी करून त्यातल्या म्हातारीचंही त्यानेच केलं आहे. हे आमच्या भाच्याला सांगितलं तर त्याने सिनेमा मागे नेऊन पुन्हा तपासला. बाईबद्दलचे काही प्रसंग आहेत, त्यामुळे लहान मुलांना बरोबर घेऊन बसू नका.

भुताच्या सिनेमांबद्दल आपल्या घरात एक वेगळी अडचण असते. भूत-हडळ म्हणा, आपण हसून सोडून देतो. पण जिन म्हटलं की नानीसुद्धा सरसावून बसते. जिन आहेत हा आपला अकीदा आहे, कुरआनात त्यांच्या नावाची 72 वी सूरह आहे. मग हिंदी सिनेमातला दिव्यातून निघणारा, नाहीतर पिंपळावर लटकणारा जिन पाहिला की हसावं की चिडावं कळत नाही. म्हणून आम्ही 'अंडर द शॅडो' मोठ्या अपेक्षेने लावला. फारसीतला आहे, 2016 सालचा, दिग्दर्शक बाबक अन्वरी. मूळचे तेहरानचे, आता ब्रिटनमध्ये असतात. चित्रीकरण जॉर्डनमध्ये झालं आहे. खालच्या ओळी वाचत पाहावा लागतो, पण दहा मिनिटांत त्याची सवय होते.

काळ इराण-इराक युद्धाचा, शेवटचं वर्ष, 1988. तेहरानवर क्षेपणास्त्रं पडताहेत. शीदेह नावाची बाई डॉक्टर व्हायला निघालेली होती, क्रांतीच्या वेळच्या राजकारणामुळे तिला पुन्हा शिकायला परवानगी मिळत नाही. नवरा डॉक्टर, त्याला आघाडीवर बोलावतात. घरात ती आणि लहान मुलगी दोरसा. वरच्या मजल्यावर एक क्षेपणास्त्र येऊन पडतं, फुटत नाही, छताला मात्र तडा जातो. मग शेजारीपाजारी एकेक करून गाव सोडतात, मुलीची बाहुली हरवते, आणि मुलगी म्हणू लागते की ती जिनने नेली.

खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्या लावलेल्या दिसतात, स्फोटाने काच फुटली तर उडू नये म्हणून. ते पाहून आमच्या अम्मी एकदम बोलत्या झाल्या. 1971 च्या लढाईत मुंबईला त्यांच्या घरी काचांना काळे कागद लावले होते, कंदिलाची वात एवढीशी ठेवायची आणि कोणी बिडी ओढली तरी खालून ओरडा यायचा. त्यांनी सिनेमा अर्धा सोडून ते सगळं सांगितलं आणि आम्हीही सिनेमा थांबवून ऐकलं.

एका जागी घरात दोन मतं झाली. शीदेह घाबरून मुलीला कडेवर घेऊन रात्री बाहेर धावते, डोक्यावर काही नसतं, गस्तीचे लोक तिला पकडून नेतात आणि समज देतात. शिवाय यातला जिन फुलाफुलांच्या चादरीच्या रूपात येतो. आमची भाची म्हणाली, "बघा, परदेशात वाहवा मिळवायची तर पडद्यालाच भूत करावं लागतं." तिच्या बोलण्यात तथ्य आहे. ती चादर आम्हालाही खटकली, शेवटी शेवटी तर ती सर्कशीच्या तंबूएवढी होते. पण बाईला पकडण्याचा प्रसंग आम्हाला तसा वाटला नाही. जळत्या घरातून निघालेल्या माणसाला कपडे विचारू नयेत एवढं तर कोणत्याही मौलाना साहेबांना पटेल. आणि सिनेमाचा जीव वेगळीकडेच आहे. "तू चांगली आई नाहीस" हे त्या बाईला जो तो सुचवतो, नवरा फोनवरून, शेजारीण नजरेने, आणि मग जिनसुद्धा तेच बोलतो. मुलं झोपल्यावर मोठ्यांनी पाहावा.

आता टोपीवाल्यांकडे येतो. टीव्हीवर 'सूर्यवंशी' चालू होता, रोहित शेट्टींचा, 2021 च्या दिवाळीतला. गाड्या उडतात, हेलिकॉप्टर येतं, वेळ बरा जातो. पण त्यातले अतिरेकी हिंदू नावं घेऊन साध्या वस्तीत संसार थाटून राहतात, म्हणजे प्रेक्षकाने शेजाऱ्याकडेही संशयाने पाहावं अशी सोय. मग तोल सांभाळायला एक निवृत्त पोलीस अधिकारी नईम खान, आणि टोप्या घातलेली माणसं गणपतीची मूर्ती उचलून सुरक्षित जागी नेतात असा प्रसंग. मूर्ती नेण्याबद्दल आमची तक्रार नाही. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीत तर गणपती मशिदीत बसतो, आणि गावाने त्याचा कधी गाजावाजा केला नाही. तक्रार ही की सिनेमात मुसलमान एकतर आरडीएक्स लपवतो, नाहीतर दाखला देतो. किराणा आणायला गेलेला, मुलाच्या फीची काळजी करणारा, बायकोशी भांडून बसलेला मुसलमान दिसतच नाही.

हे नुसतं चिडण्यासाठी सांगत नाही. शाळेत मधल्या सुट्टीत मुलं असे सिनेमे खेळतात. कमिशनर कोण, कमांडो कोण, यावर रोज भांडणं होतात. अतिरेकी कोण यावर भांडण होत नाही, ते ठरलेलं असतं. आणि ज्याला ते काम मिळतं तो पोरगाही हसत हसत धावतो, कारण खेळायला तर मिळतंय. बाकीची पोरं वाईट नाहीत, डबा एकत्रच खातात. आम्ही एकदा नियम केला की चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. चार दिवस चालला.

त्यापेक्षा 1999 चा 'सरफरोश' बरा होता, असं कोणी म्हटलं तर आम्ही मान डोलावू. त्यातही खलनायक पाकिस्तानी गझल गायक आहे, नसीरुद्दीन शाहांनी काय काम केलं आहे! पण त्यात इन्स्पेक्टर सलीम आहे, मुकेश ऋषींचा. गुन्हेगार निसटतो आणि बोट सलीमच्या नावाकडे वळतं, तेव्हा तो दुखावतो, रागावतो, साहेबाला तोंडावर सुनावतो, आणि मग आपल्या पद्धतीने कामाला लागतो. त्याला राग येऊ दिला आहे. नईम खानला तेवढीही मुभा नाही.

'किल' बद्दल थोडक्यात. 2024 चा, निखिल नागेश भट यांचा. रांचीहून दिल्लीला निघालेली राजधानी, चाळीसेक दरोडेखोर आणि एक कमांडो. सिनेमाचं नाव पडद्यावर येतं तेच अर्ध्यात, आणि तिथून पुढे डोकी फुटण्याला हिशोब राहत नाही. एक गोष्ट मात्र नवीन आहे. दरोडेखोर एकमेकांचे काका-पुतणे आहेत, माणूस मेला की ते डब्यात बसून रडतात, आणि पाहणाऱ्याला क्षणभर कळत नाही की आपण कोणाच्या बाजूने आहोत. 'जॉन विक' करणाऱ्यांनी त्याचा इंग्रजी रिमेक जाहीर केला होता, यात नवल नाही. प्रमाणपत्र 'ए' आहे. पण मोबाइलला दारवान नसतो, आणि नववीच्या वर्गात निम्म्या मुलांना आग विझवायच्या नळकांड्याचा तो प्रसंग तोंडपाठ आहे. घरच्यांनी फोन मागावा आणि बघावा, एवढंच.

ज्यांना रक्त नको, नुसतं डोकं चालवायचं आहे, त्यांनी श्रीराम राघवन यांचा 'अंधाधुन' लावावा. पुण्यात घडतो, आंधळेपणाचं सोंग करणारा पियानोवादक आणि त्याच्या समोर झालेला खून. तब्बूंनी यात अशी गोड बोलणारी, थंड डोक्याची बाई उभी केली आहे की दुसऱ्या दिवशी समोरच्या बिल्डिंगमधल्या हसऱ्या बाईकडेही आपण जरा जपून पाहतो. शेवटी त्याला दिसत होतं की नव्हतं, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. अम्मींचं म्हणणं, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत खोटंच बोलतोय, आणि सशाची गोष्ट तर अजिबात खरी नाही.