ई-स्पोर्ट्स: कोणत्या गेमवर वर्षं घालवायची?

क्रिकेटवर एका कंपनीची मालकी नाही. व्हिडिओ गेमवर असते. भारतीय खेळाडूंना त्याची झळ बसली आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये आलेला बीजीएमआय साधारण वर्षभरानंतर अ‍ॅप स्टोअरवरून हटला आणि मे २०२३ मध्ये परतला.

मग निवड कशी करायची? एक मुख्य गेम आणि सोबत वेगळ्या प्रकारातला दुसरा, हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग. शूटरमध्ये नेम लागतो, डोटा २ मध्ये पाच जणांचा ताळमेळ, स्ट्रीट फायटरमध्ये समोरच्याची चाल ओळखण्याची नजर. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत या तिन्ही प्रकारांना पदकं होती. गेम बंद पडला, तर त्यातली रँक जाते. सरावाची शिस्त मात्र पुढच्या गेममध्येही कामी येते.