गुगली पळवणारा इंग्रज

गेल्या डिसेंबरात पुण्याला आलो होतो तेव्हा काकांनी नेहमीचा बॉल टाकलाच. "सरकारी कॉलेजात शिकलास आमच्या पैशानं, आणि अक्कल वापरतोस साहेबाच्या देशात!" गेली पंधरा वर्षं मी यावर हसून चहाचा कप उचलतो. या वेळी म्हटलं, काका, एका इंग्रजाची गोष्ट ऐका.

रेजी श्वार्झ. जन्म १८७५, लंडनजवळच्या ली गावचा. रग्बीत हाफबॅक, १८९९ ते १९०१ या काळात इंग्लंडकडून तीन सामने खेळला. क्रिकेटमध्ये मात्र मिडलसेक्सच्या संघात येऊन-जाऊन असलेला साधा खेळाडू. त्याच संघात बोझँक्वे होता. या गृहस्थानं टेबलावर टेनिसचा चेंडू टप्पा पाडून वळवण्याचा खेळ खेळता खेळता गुगली शोधली. हात दिसतो लेगब्रेकचा, चेंडू मात्र उलटा आत येतो. १९०० साली लॉर्ड्सवर अशाच एका चेंडूचे चार टप्पे पडले आणि ९८ वर खेळणारा फलंदाज यष्टिचीत झाला. लोक हसले.

श्वार्झ हसला नाही. त्यानं ती विद्या उचलली आणि नोकरीधंद्यासाठी दक्षिण आफ्रिकेला गेला. आमच्या भाषेत सांगायचं तर टेक्नॉलॉजी ट्रान्सफर! स्वतःपुरती ठेवली असती तरी चाललं असतं, पण फोगलर, फॉकनर आणि व्हाइट हेही गुगली टाकू लागले. जानेवारी १९०६ मध्ये जोहान्सबर्गला शेवटच्या जोडीनं ४८ धावा काढल्या आणि दक्षिण आफ्रिकेनं इंग्लंडला एका विकेटनं हरवलं. त्यांचा पहिलाच कसोटी विजय. मालिका ४-१. हरलेला कप्तान वॉर्नर, म्हणजे पुन्हा मिडलसेक्सचाच! पुढच्याच वर्षी श्वार्झनं इंग्लंडच्या दौऱ्यात १३७ बळी घेतले.

आता इंग्रजांनी त्याला गद्दार म्हणायला हवं होतं ना? विस्डेननं १९०८ साली त्याला वर्षातल्या पाच उत्तम क्रिकेटपटूंत बसवलं. माझं म्हणणं एवढंच, की बाहेर गेलेल्या माणसाचा हिशेब लावताना काकांनी जरा विस्डेनकडून शिकावं.

काका काही कच्चे नाहीत. म्हणाले, "अरे, तो घरच्याच साम्राज्यात गेला. या खोलीतून त्या खोलीत. तुझं तसं आहे का?"

हा चेंडू मला खरंच कळला नाही, आणि इथे माझी गोष्ट लंगडी पडते हे कबूल करतो. ज्या जोहान्सबर्गनं श्वार्झला डोक्यावर घेतलं, त्याच शहरात त्याच वर्षी, ११ सप्टेंबर १९०६ ला, एम्पायर थिएटरात आपली माणसं जमली होती. आशियाई लोकांनी बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी असा कायदा येत होता, आणि गांधींसह सगळ्यांनी तो न मानण्याची शपथ घेतली. क्रॉम हेन्ड्रिक्स नावाच्या वेगवान गोलंदाजाला तर तो गोरा नाही म्हणून १८९४ च्या इंग्लंड दौऱ्यातून वगळलं होतं. तो तर तिथलाच होता. व्हिसासाठी दहा बोटं काचेवर टेकवताना मला श्वार्झ आठवत नाही, ते थिएटर आठवतं.

तरीही श्वार्झवर माझा राग नाही. पहिल्या महायुद्धात तो आधी नैर्ऋत्य आफ्रिकेत लढला, मग ब्रिटिश रायफल पलटणीत गेला, मिलिटरी क्रॉस मिळवला. लढाई ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबली. त्यानंतर आठवड्यानं, १८ तारखेला, फ्रान्समध्ये एताप्लला तो फ्लूच्या साथीत गेला. तिथल्या लष्करी दफनभूमीतच आहे.

काका थोडा वेळ गप्प होते. मग विचारलं, "आणि लेगब्रेक कसा टाकायचा तो?"

टाकायचाच नाही, मी म्हटलं. नुसती गुगलीच टाकायचा. सगळ्यांना माहीत असायचं, तरी आउट व्हायचे.

"बघ," काका म्हणाले, आणि दुसरा चहा सांगितला.