चपला बाहेर, बीबीसी आत

हे लिहितोय कोयनानगरला बसून. समोर शिवसागर, ढग इतके खाली की धरणाची भिंत अर्धीच दिसते. इथलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं, त्याची वीज होते. या अंकाचा विषय शाळेतला संगणक; म्हणजे गोष्ट विजेपासूनच सुरू होते.

१९८४-८५मध्ये केंद्र सरकारने शाळांत संगणक शिकवण्यासाठी ‘क्लास’ प्रकल्प काढला. सुरुवातीला सुमारे अडीचशे शाळा आणि यंत्र ब्रिटनमधलं, एकॉर्न कंपनीचं ‘बीबीसी मायक्रो’. स्मृती ३२ किलोबाइट. आज मोबाइलवर येणाऱ्या ‘शुभ सकाळ’च्या चित्रालाही ती पुरत नाही!

मी पहिला संगणक पाहिला तो एका शाळेत. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे, मग आत. देवघरातसुद्धा एवढा धाक नव्हता. एका कीबोर्डाभोवती सात-आठ डोकी. सर वहीत बघून सांगायचे, एक मुलगा एका बोटाने अक्षरं शोधायचा. अर्धा तास खपून प्रोग्रॅम टाइप झाला, ‘रन’ म्हणणार तोच लाइट गेली. साठवलेलं काहीच नव्हतं. सर म्हणाले, “राहू दे रे, पुढच्या बुधवारी.”

खरी अडचण मात्र विजेची नव्हती, भाषेची होती. ‘प्रिंट’, ‘गोटू’, ‘इनपुट’ हे शब्द मराठी शाळेतल्या पोराला मंत्रासारखे पाठ करावे लागत. पुण्यात सी-डॅक १९८८ साली निघालं, त्यांच्या जिस्ट कार्डामुळे पडद्यावर देवनागरी उमटू लागली. शाळांपर्यंत ती यायला फार उशीर झाला. त्या उशिराबद्दल आतल्या पानांत बरंच आहे, आणि थोडं रागानेच लिहिलेलं आहे.