पोट सुटले, वेळ चुकली

शेतकरी म्हटला की पाठीला पोट लागलेला माणूस, हे चित्र आपल्या मनात अजून घट्ट बसले आहे. पण कोणत्याही ग्रामसभेत जरा आजूबाजूला बघा. पुढच्या रांगेत बऱ्याच सदऱ्यांच्या गुंड्या ताणलेल्या दिसतील. त्यात सरपंच आहेत, भाऊसाहेब आहेत, बागायतदार आहेत. आणि हो, बातमीदारही आहेत.

यात नवल नाही. औत गेले, ट्रॅक्टर आला. शिवारात जायला फटफटी आली. कष्ट हलके झाले ते बरेच झाले. जुन्या कष्टांचे गोडवे गाणाऱ्याने एकदा दिवसभर औत धरून बघावे. पण काम कमी झाले तरी ताट तेवढेच राहिले आणि जेवणाची वेळ मात्र बिघडली. पूर्वी दिवेलागणीला चूल विझायची. आता मालिका संपल्यावर, दहा वाजता ताट वाढले जाते आणि हात धुतला की अंथरूण. दिवसभरात तालुक्याच्या गावी चार चहा, दोन प्लेट भजी होतात ती वेगळी. ती कोणी जेवणात धरतच नाही.

राज्यात या विषयाची चर्चा घरोघरी नेली ती डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी. मूळ विचार दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांचा. कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवायचे, जेवण ५५ मिनिटांत उरकायचे आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे, असे ते सांगणे. सगळ्याच आहारतज्ज्ञांना दोन जेवणांचा आग्रह मान्य नाही. पण खाण्याची शिस्त आणि चालणे यांची जोड हवी, यावर वाद नाही. आपल्या लोकांनी मात्र त्यातले अर्धेच उचलले. जेवणे दोन केली, चालणे राहिले. वर दोनदाच जेवायचे म्हणून ताट दुप्पट भरले!

अर्धे औषध अर्धाच गुण देते. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली लठ्ठ माणसांवरचा १२ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. नुसत्या व्यायामाने सरासरी १ किलो वजन उतरले, एक दिवसाआड उपवासाने ३ किलो, आणि दोन्ही मिळून ६ किलो. उलट चीनमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या वर्षभराच्या प्रयोगात दोन गटांना सारखेच मोजके खाणे दिले. एका गटाने ते सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच खाल्ले, तरी वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे घड्याळात जादू नाही. वेळ पाळल्याने अधलेमधले खाणे सुटते, त्याचा हा फायदा. आणि पाऊण तासाच्या चालण्याने जे जळते, ते एका वडापावने भरून निघते, हेही ध्यानात ठेवावे.

तेव्हा करायचे काय? रात्रीचे जेवण आठच्या आत. त्यानंतर सकाळपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. दोन जेवणांच्या मध्ये बिनसाखरेचा चहा चालेल, भजी नाही. आणि रोज अर्धा-पाऊण तास झपाझप चालणे. बांधावर उभे राहून मजुरांवर देखरेख करणे हा व्यायाम नव्हे. घरच्या बाईने सगळ्यांच्या मागून, उरलेसुरले संपवत जेवायची रीतही मोडली पाहिजे. सगळे एका पंगतीला बसले तरच तिचीही वेळ सांभाळली जाईल. रस्त्यावर चालायला बायकांना संकोच वाटतो. ग्रामपंचायतीने शाळेचे मैदान सकाळी उघडे ठेवावे आणि तिथे दिवा लावावा. याला फार मोठा निधी लागत नाही.

हे सर्वांसाठी नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील चारपैकी जवळपास एक महिला जास्त वजनाची आढळली, तशीच पाचपैकी एक अशक्त, कमी वजनाचीही आढळली. ऊसतोड करणाऱ्या मजुराला किंवा गरोदर बाईला जेवण तोडायला सांगणे हा गुन्हाच. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण सोडू नये. साखर एकदम उतरून माणूस कोसळतो. आधी कमरेला टेप लावा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या वर असेल तर सावध व्हा. तिशीपुढच्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी उपकेंद्रात मोफत होते, ती करून घ्या.

एक गोष्ट मात्र शेतकऱ्याच्या हातात नाही. जिथे शेतीपंपाची वीज अजून रात्रीच्या पाळीला मिळते, तिथे माणूस बाराला दारे धरतो आणि पहाटे दोनला भाकर खातो. त्याने वेळ पाळायची कशी? दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली. ती प्रत्येक फीडरपर्यंत पोहोचणे हा जसा पिकाचा प्रश्न आहे, तसाच तो शेतकऱ्याच्या तब्येतीचाही आहे, हे वीज खात्याने समजून घ्यावे.

बाकीचे आपल्या हातात आहे. जनावराच्या वैरणपाण्याची वेळ आपण कधी चुकवत नाही. तेवढीच काळजी स्वतःची घेतली तरी पुष्कळ झाले. पुढच्या ग्रामसभेला सरपंचांनी आणि भाऊसाहेबांनी फटफटी घरी ठेवून चालत यावे. सुरुवात तिथूनच होऊ द्या.